सोबतीचं माणूस

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बघा. दुष्काळातली दुपार आहे. पारनेरच्या वाटेवरच्या एका बाजारगावात एस.टी. स्टँडच्या भिंतीला टेकून एक माणूस बसलाय. हातात डालड्याच्या डब्याचा पत्रा आणि कात्री. हात इतके थरथरताहेत, की पत्र्याची भिंगरी काही केल्या गोल होत नाही. समोर छबू उकिडवी बसून वाट बघतेय. दिसली?

तो माणूस म्हणजे पुंजाराम, खर्ड्याकडचा. ऊसतोडीला जाताना बायको वाटेतच तापाने गेली, त्यानंतर तो घरी परतलाच नाही. स्टँडवर ओझी उचलायची, हातभट्टीची प्यायची आणि तिथेच आडवं व्हायचं.

छबूची आई लंकाबाई गावातल्या दवाखान्यात आया होती. तिचा नवरा दारूनेच गेला होता. पुंजारामाला बघितलं की तिला तोच आठवायचा. त्या दुपारी ती आली ती पुडीत खंडोबाचा भंडारा घेऊनच.

"दादा, उचला भंडारा. शपत घ्या. आजपास्नं थेंब न्हाई."

"आक्का, तू आदी च्या प्यायचा सोड. बघू जमतंय का!"

छबू फिसकन हसली. लंकाबाई हसली नाही. पुढे केलेला हात तिने तसाच ठेवला.

"मामा, सोडा ना," छबू म्हणाली. "मंग भिंगरी गोल हुईल."

पुंजारामाने पोरीकडे पाहिलं. मग चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला.

आणि त्याने शब्द पाळला. दोन-तीन दिवसांतच त्याचं सगळं अंग कापायला लागलं. घामाने सदरा भिजला. "मुंग्या, आक्का! अंगावर मुंग्या!" म्हणून तो कातडी ओरबाडू लागला. मुंगी एकही नव्हती.

स्टँडवरचा चहावाला श्रीमंत म्हणाला, "चोरून प्याला आसंल. शपत मोडली, देवानं धरलंय."

लंकाबाईलाही तेच वाटलं. ताप, खोकला, बाळंतपण, सगळं तिने दवाखान्यात पाहिलं होतं; पण दारू सोडलेल्या माणसाला तिथे कुणी आणलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने नारळ फोडला आणि पुंजारामाच्या कपाळावर आणखी भंडारा चोळला.

"आई, मामा प्याला न्हाई. मी बगते ना रोज."

"गप बस तू."

दुसऱ्या दिवशी पुंजारामाचे डोळे फिरले, दातखीळ बसली. तेव्हा कुठे लंकाबाईने त्याला हातगाडीवर घातलं आणि दवाखान्यात आणलं.

कंपाउंडर आसारामने मान वर न करता विचारलं, "संगं कोन हाय?"

"मी हाय की."

"तू कोन त्याची? भाकरी कोन आननार? उद्या काय झालं तर मढं कोन उचलनार? सोबतीचं मानूस न्हाई तर खाट न्हाई. डॉक्टर लस टोचायला गावोगाव फिरत्यात, सांजच्याला येतील. तवर ऱ्हाऊ दे बाकावर."

'भाऊ हाय माजा,' एवढंच म्हणायचं होतं. पण आसाराम तिला रोज हुकूम सोडणारा. त्याच्यापुढे लंकाबाईची जीभ उचलली नाही. ती फरशी पुसायला आत गेली. व्हरांड्यातल्या बाकावर पुंजाराम पडून राहिला; हातगाडीमागून आलेली छबू त्याच्या उशाशी बसली.

संध्याकाळी डॉक्टर आले, वाकले आणि त्यांनी पुंजारामाच्या पापण्या मिटल्या.

"सायेब, त्यानं सोडली हुती," लंकाबाई म्हणाली. "मीच शपत घातली. मोडली म्हनून देवानं..."

"मोडली नाही, बाई. पाळली." डॉक्टर बाकाशेजारीच बसले. "इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली, की अंग असं उलटतं. दारू सोडायलाच हवी. पण इथं निजवून, औषध देऊन सोडवावी लागते. याला आत का नाही घेतलं?"

"संगं कोनी नव्हतं," आसाराम पुटपुटला.

पुढे एका सकाळी स्टँडवरचाच हमाल सहादेव लंकाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचेही हात कापत होते.

"मलाबी भंडारा दे, बाई. पुंजानं शब्द पाळला. मीबी पाळतो."

लंकाबाईचे हात परातीतल्या पिठात तसेच थांबले. चुलीशी बसलेली छबू मात्र उठली. तिने कोनाड्यातल्या भंडाऱ्याच्या डबीवर झाकण लावलं. तव्याशेजारची भाकरी फडक्यात बांधली, सहादेवचं बोट धरलं आणि चालू लागली. लंकाबाई पिठाच्या हातांनीच त्यांच्यामागे निघाली.

दवाखान्यात आसारामने सवयीने विचारलं, "संगं कोन हाय?"

छबू त्याच बाकावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मी हाय," ती म्हणाली, आणि भाकरीचं फडकं तिने आपल्या आणि सहादेवच्या मधे ठेवलं.