दुसऱ्या प्रोसेसरचं घड्याळ

महादेवराव हेडाऊंच्या बेसा वस्तीतल्या घरी अरुंधती लॅपटॉप घेऊन आली खरी, पण तो उघडायला तिचा हात धजेना. सर तिचे कॉलेजातले शिक्षक. लॅबमधली मायक्रोप्रोसेसर किटं एकेक करून बंद पडली, तेव्हा त्यांनी हुबेहूब किटसारखा वागणारा प्रोग्राम लिहिला होता. कीबोर्ड खोटा, घड्याळ खोटं, प्रोसेसरही खोटा. पण मुलं त्यावर खरंखुरं शिकली. अरुंधतीही त्यांतलीच. आता ती तिथेच शिकवत होती, आणि नव्या अभ्यासक्रमाला दोन प्रोसेसरचं किट हवं होतं.

सरांचा जमाना एका प्रोसेसरचा. त्यांच्या प्रोग्राममधला प्रत्येक भाग, जरा काही झालं की, स्वतःच धावत जाऊन पहिला दिसेल तो प्रोसेसर गाठायचा. एकच असल्यावर कोणता, हे विचारतो कोण? दोन आले आणि सगळा घोळ झाला. म्हणून अरुंधतीनं प्रत्येक भागाला, तो तयार होतानाच, त्याचा प्रोसेसर हाती सोपवायला सुरुवात केली: हा तुझा, याच्याशीच बोल. कीबोर्ड झाला, पडदा झाला, आणि दरवेळी तो भाग नव्यानं लिहून काढताना सरांनी लिहिलेलं पुसलं गेलं. उरलं फक्त घड्याळ, ज्याच्या प्रत्येक टोल्याला प्रोसेसर एक पाऊल पुढे टाकायचा.

त्याला मात्र तिनं हात लावला नाही. ते गेलं की सरांच्या हातचं प्रोग्राममध्ये काहीच उरणार नव्हतं, आणि निवृत्त झाल्यापासून या माणसाला दुसरा विषय नव्हता.

"दाखव ना वं. काहून लपवून राहिली?" सर म्हणाले.

तिनं लॅपटॉप उघडून त्यातलं किट सुरू केलं. पहिला प्रोसेसर सुसाट सुटला, दुसरा ढिम्म. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"पहिला दुप्पट जोरात पळून राहिला. दुसऱ्याचे टोले त्याले कोण देऊन राहिलं? घड्याळ दाखव."

"ते तुमचंच आहे, सर. बरोबरच असन."

"मी दाखव म्हटलं."

दाखवावं लागलं. दोन्ही प्रोसेसरांची घड्याळं प्रोग्राममधल्या सरांच्या एकाच ओळीवर चालत होती, आणि ती ओळ अजूनही पहिल्यालाच शोधत होती. दुसऱ्याचं घड्याळ इमानेइतबारे वाजत होतं, पण पहिल्याच्या दारात. अरुंधती कानकोंडी झाली.

"तुले हे दिसलं नाही?"

"मी पाह्यलंच नाही, सर. तुमच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं. तुमाले वाईट वाटन म्हणून..."

"बाकीच्या ओळी तू पुसल्या, पण पुसायच्या आधी वाचल्या तरी!" सरांचा आवाज असा चढला, की त्यांच्या पत्नी प्रयागबाई हातातलं काम टाकून दारात आल्या. "ही ठेवली अन् वाचलीबी नाही. मग ठेवली कशाले? पूजेले?"

तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. तिनं ती ओळ एकदा नीट वाचली, पुसली, दोन्ही घड्याळांना आपापला प्रोसेसर सोपवला आणि किट पुन्हा सुरू केलं. दुसरा प्रोसेसर हलला आणि मोजायला लागला.

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"माझं आता काहीच नाही ना यात?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं.

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"उद्या पोरायचं काही अडलं, तर कोणाकडे पाठवशीन?"

'तुमच्याकडे' हे तिच्या अगदी ओठांवर आलं. इतकी वर्षं मुलांना ती तेच तर सांगत आली होती.

"माह्याकडेच येतीन, सर," ती म्हणाली, आणि सरांच्या समोरच तिला रडू फुटलं.