समेवर घोगरणारे भूत

बडोद्याच्या गोत्री भागातील एका सोसायटीच्या सभागृहात मुंगीलाही शिरावयास वाव नव्हता. शहरातील सुशिक्षित मंडळींनी आपली अक्कल पादत्राणांसमवेत दाराबाहेर काढून ठेवली होती आणि नादानंद महाराजांच्या सिंहासनापुढे माना डोलवीत ती चमत्काराची प्रतीक्षा करीत होती.

"आम्ही दोन्ही भोंगे समेवर आणून बसविले आहेत," महाराज गर्जले. "समेवर आत्मा उतरतो!"

गाण्याची वेडी मंडळी 'सम' या शब्दासरशी विरघळली. कोणी तर "वाहवा" म्हणून मांडीवर थापही मारली.

अहल्याबाईंची सून मोहना भजन गाऊ लागली, तोच दोन्ही भोंग्यांतून "घर्र... घर्र..." असा फाटका ध्वनी उमटला.

"जुओ, जुओ! आव्या! आले बघा!" शेजारच्या मंदाबेन किंचाळल्या.

महाराजांनी नेत्र मिटले. "अहल्याबाई, कंठ ओळखलात? तुमचे लक्ष्मीकांतराव! सुनेच्या गळ्यात अडकले आहेत बिचारे." त्यांनी शंख ओवाळला मात्र, घरघर तत्क्षणी लोपली.

अहल्याबाईंनी भोंग्याकडे पाहून हात जोडले. गेल्या चैत्रात त्यांचे यजमान निवर्तले, तेव्हा अखेरच्या दिवसांत त्यांचा घसा असाच घोगरत असे. त्या ध्वनीचे त्यांना भय वाटे, आणि तो पुन्हा ऐकू यावा अशी आसही लागे. याच दुखऱ्या जागी महाराजांनी बोट ठेवले होते. मोहनेने गाणे कायमचे सोडावे व आत्मा मुक्त होईतो डभोईस माहेरी जाऊन राहावे, अशी त्यांची आज्ञा होती. सुनेची बॅग अहल्याबाईंनी स्वहस्ते भरली होती. पुत्र विहंग याने "आई म्हणेल तसं" एवढे बोलून आपला पतिधर्म आटोपला होता.

"महाराज," मोहना शांतपणे म्हणाली, "जाण्यापूर्वी एकदा या भोंग्यातल्या बाबांना भेटू द्या."

ती पुन्हा गाऊ लागली. घर्र! त्याच क्षणी ती उठली आणि महाराजांचा पट्टशिष्य आनंद याच्यापुढे पूजेचे ताट धरून उभी राहिली.

"आनंदभाई, मोबाईल ठेवा यात."

"बेन, मी तर दर्शनाचं शूटिंग करतोय!"

"कॅमेरा तळव्यानं झाकून?"

सभेत खसखस पिकली. मंदाबेननी मोबाईल हिसकावला आणि ताटात ठेवला.

"आता काढा बाबांना बाहेर," मोहना म्हणाली.

महाराजांनी शंख ओवाळला. घर्र. जल शिंपडले. घर्र. शेवटी त्यांनी स्वतः माईक धरून ओंकार लावला, तर तोही "ओं... घर्र... म" असा प्रकटला.

"अरे, हवे तो भूत महाराजने वळग्युं!" मंदाबेन ओरडल्या. भुताने आता खुद्द महाराजांनाच धरले होते.

मोहना तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत असे. तिने मोबाईलच्या पडद्यावरील सरकपट्टी सासूबाईंना दाखविली. "आई, हा डिजिटल अँप्लिफायर, या मोबाईलवरून चालणारा. आत दोन वाहिन्या, एक उजव्या स्पीकरची, एक डाव्याची. दोन्ही सेकंदाला लाखो वेळा वीज उघडतात, बंद करतात. दोघींचा क्षण एकच ठेवला की दोन्ही हिसके एकदम बसतात. हा स्वस्तातला अँप्लिफायर ते सोसत नाही, म्हणून आवाज फाटतो. एकीचा क्षण किंचित सरकवला की आवाज स्वच्छ. हा आनंद इथं बसून ही पट्टी तेवढी इकडून तिकडे करतो."

"पण दोघींनी एकत्र येणं चांगलंच ना? सम म्हणतो आपण."

"गाण्यात, आई. एका दारातून दोन लठ्ठ माणसं एकदम शिरली तर अडकणारच!"

अहल्याबाईंनी बोटाने पट्टी सरकविली व मोहनेने सूर लावला. स्वच्छ. पट्टी पूर्वीच्या जागी नेली. घर्र. पुन्हा सरकविली. स्वच्छ. त्यांचे यजमान त्यांच्याच बोटाखाली येत होते व जात होते.

"म्हणजे... ते नव्हतेच?"

"नाही, आई. बाबा असते तर घोगरत बसले नसते. आधी माझा निषाद दुरुस्त केला असता!"

अहल्याबाईंना रडता रडता हसू फुटले. त्यांनी डोळे पुसले. "विहंग, घरी जा आणि ती बॅग रिकामी कर. तू तरी काहीतरी कर! मोहना, निषाद पुन्हा लाव. तो खरंच चढा लागतोय."

त्या सुरांत महाराज व त्यांचा शिष्य मागल्या दाराने अंतर्धान पावले. त्यांचा तेवढाच चमत्कार खरा ठरला. मंडळींनी दाराबाहेर आपापली पादत्राणे शोधून काढली. सोबत ठेवलेली दुसरी वस्तू किती जणांनी उचलली, हे सांगवत नाही.

वाचकहो, घरात नवे यंत्र आले म्हणजे डोक्यात नवी बुद्धी येते, असे नव्हे. जुने भूतही त्या यंत्रावर स्वार होऊन येते. म्हणून चमत्कार दिसताच आपले हात जोडण्याची घाई करू नका. आधी चमत्कार करणाऱ्याचे हात कोठे आहेत ते पाहा.