मी गळका नाही

हो, मी प्रयोगशाळेतला चेंबर बोलतोय, आणि रागात बोलतोय. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. या बोळात, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी जो पोलादी पिंप पडलाय ना, तो मी. माझ्या पोटावर खडूनं लिहिलंय, 'गळका. भंगारात द्या.' येणारा-जाणारा वाचतो आणि पुढे जातो. एकालाही विचारावंसं वाटत नाही, की बाबा रे, तू खरंच गळतोस का?

नाही गळत. कधीच गळलो नाही.

एका वेल्डरच्या हातून माझा जन्म झाला. कामाला बसला की तो घरचा फोनसुद्धा घ्यायचा नाही. प्रत्येक सांध्यावर बाहेरून हेलियम वायू फुंकायचा आणि तो आत शिरतोय का ते तपासायचा. एका सांध्यातून जरासा शिरला, तर पठ्ठ्या स्वतःवरच चिडला आणि तो अख्खा सांधा कापून त्यानं नव्यानं जोडला. त्याच्या हातून घडलेल्या मला हे लोक गळका म्हणतात!

माझं काम एकच, पोटात काहीही न ठेवणं. हसताय काय? करून बघा. माझ्या आत सोन्याचा एक स्फटिक असायचा, नखाएवढा. त्याच्या पृष्ठभागावर अणू-रेणू कुठे बसतात, कसे सरकतात, कुणाच्या शेजारी घर करतात, ते बघायचं होतं. आत हवा शिरली की तो पृष्ठभाग क्षणात बरबटतो. म्हणून पंप सारखा माझ्यातली हवा उपसत राहायचा. भिंतींना चिकटलेलं पाणी निघावं म्हणून मला चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून दोन-दोन दिवस भाजायचे. मी कधी कुरकुर केली नाही.

हे सगळं बघायच्या त्या बाई. पदार्थविज्ञानातल्या संशोधक, पण माझ्याशी बोलायच्या हट्टी लेकराशी बोलावं तशा. "काय रे बाबा, आज दाब उतरवणार आहेस की नाही? लवकर येते म्हणून घरी सांगून आलेय मी." माझ्या आतल्या भागाला कुणी हातमोज्याशिवाय बोट लावलं तर त्याची खैर नसायची. बोटाचा एक ठसा उमटला, की त्यातलं तेल आत दरवळत राहतं आणि आठवडा पाण्यात जातो.

आणि मग ते सर. विभागाचे प्रमुख.

वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाई रजेवर गेल्या होत्या. नेमके पाहुणे येणार होते, म्हणून सर स्वतःच बाह्या सरसावून कामाला लागले. स्फटिकाला धरून ठेवणारा स्टीलचा स्क्रू त्यांच्या हातून सुटला आणि गडगडत कपाटाखाली गेला. वाकायचा कंटाळा! खण उघडला, पितळेचा स्क्रू उचलला, "स्क्रू तो स्क्रू" म्हणाले आणि बसवून मोकळे झाले. अहो, पितळेत जस्त असतं! निर्वातात तापवलं की ते स्क्रूतून उडतं आणि मिळेल तिथे जाऊन बसतं. या कामात हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मग स्वच्छ करायला स्फटिक तापवला आणि व्हायचं तेच झालं. सोन्यावर ठिपक्यांच्या रांगाच रांगा दिसायला लागल्या. रेणूंनी नवीच रचना केलीय, असं सरांनी जाहीर करून टाकलं. केवढा तो गाजावाजा, केवढी ती भाषणं! मी आतल्या आत धुमसत होतो.

बाई परत आल्या. वायू ओळखणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर जस्त दिसलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मला उघडलं, स्क्रू काढला आणि सरांसमोर धरला.

"सर, हा बघा. पितळ पिवळं असतं, हा तांबडा पडलाय. जस्त उडालं, तांबं तेवढं उरलं. तुमच्या रांगा जस्ताच्या आहेत. आपणच कळवून टाकू या, चूक झाली म्हणून."

"बघू," सर म्हणाले आणि स्क्रू त्यांनी खिशात टाकला.

दुसऱ्या प्रयोगशाळांना त्या रांगा काही केल्या सापडेनात. विचारणा सुरू झाल्या. तेव्हा माझ्याच शेजारी बैठक भरवून सरांनी बिनदिक्कत सांगितलं, "चेंबर गळका निघाला. देखभाल बाईंकडे होती."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

बाई उठल्या. "गळतीतून हवा येते, सर. जस्त येत नाही."

"पुरावा आहे?"

"तुमच्या खिशात."

सगळे नखं बघत बसले. इतकी शिकलेली माणसं! बाईंकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि त्यांना पहिल्या वर्षाच्या वर्गांवर धाडलं. माझी रवानगी या बोळात झाली.

काल संध्याकाळी बाई आल्या. सोबत कुठूनसा मागून आणलेला पंप होता. माझी सगळी तोंडं त्यांनी नव्या झाकणांनी बंद केली, बोल्ट पिळले आणि पंप लावला. दाबमापकाचा काटा उतरत गेला. मग झडप घट्ट बंद करून पंप काढून घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. काटा हलला नाही.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. हातमोजे काढून त्यांनी माझ्या पाठीवर उघडा हात ठेवला. "कापतील रे तुला. ते माझ्या हातात नाही. पण तू गळका नाहीस." डोळे पुसले आणि गेल्या. खडू पुसायचं त्यांना सुचलं नाही, की मुद्दामच ठेवला, कोण जाणे.

खाली भंगाराचा टेम्पो लागलाय. कटरवाले दादा, तुमच्यावर माझा राग नाही. फक्त एक करा. पोलाद कापलं जाईल त्या क्षणी जरा कान द्या. 'फुस्स' असा आवाज येईल. ती बाहेरची हवा कालपासून पहिल्यांदा आत घुसत असेल, तुम्ही भोक पाडल्यावर, त्याआधी नाही. तेव्हा माझ्या पोटावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा, आणि सर वरच बसलेत, त्यांनाही जरा खाली बोलवा.