पाणी ओतायचा पाठ

पुण्याहून बी.ए. होऊन मालोजी महाडजवळच्या नाते गावी परतला, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा मामलेदार होणार. त्याने मात्र गोठ्याची पडवी सारवून घेतली, सुताराकडून लाकडी ठोकळे करवून घेतले आणि शाळेच्या वयाआधीची पोरं गोळा केली. मुंबईच्या एका शिक्षणसंस्थेने माँटेसरी पद्धतीवर संशोधन करणाऱ्या पदवीधरांसाठी पुरस्कार जाहीर केला होता. ही पद्धत खेड्यातल्या पोरांनाही लागू पडते, हे मालोजीला दाखवून द्यायचं होतं.

महाडच्या तळ्यावरून झालेल्या मारहाणीला तीन वर्षं उलटली होती, पण गावाच्या मनातली तेढ तशीच होती. तरी मालोजीने महारवाड्यातल्या हैबतीची ठकू पडवीत आणली. तिला दाराशी वेगळं तरट टाकायचं, एवढ्यावर थोरले बंधू सदूभाऊ कसेबसे राजी झाले.

ठकूचा हात विलक्षण स्थिर. छोट्या तांब्यातून वाटीत पाणी ओतायचा पाठ तिला सगळ्यांआधी जमला. एका दुपारी सदूभाऊंच्या शकूला तहान लागली. ती सरळ तरटापाशी गेली. ठकूने वाटी भरून तिच्या हातात दिली आणि शकू ती गटागटा प्यायली. मालोजी बघत होता. मुलांच्या कामात शिक्षकाने मध्ये पडायचं नाही, हा पद्धतीचा नियम. आणि खरं तर त्याला मनातून आनंदच झाला होता. दारात शकूची आई, प्रयागवहिनी, उभी आहे हे त्याला उशिरा दिसलं.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. कोणाच्या सांगण्यावरून हे झालं, अशी विचारणा झाली. ‘माझ्या’ एवढंच म्हणायचं होतं. ते मालोजीच्या ओठांपर्यंत आलं. समोर सदूभाऊ मान खाली घालून बसले होते.

“मी कोणाला काही सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “पोरांनी आपणहून केलं.”

ते खोटं नव्हतं. पण त्या खऱ्यानेच सगळा दोष ठकूवर आला आणि हैबतीचं घर बुडालं. सकाळी त्याच्या झोपडीचं छप्पर ओढून पाडलं, आणि त्याला असं मारलं की उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. बायको रंगूबाई आणि ठकूला घेऊन तो बिरवाडीला सासुरवाडीच्या आसऱ्याला गेला. पडवीत पुन्हा गुरं बांधली गेली.

मालोजीने प्रबंध पुरा केला. परीक्षकांना पाण्याच्या पाठाचं प्रकरण सगळ्यांत आवडलं. मुंबईच्या पुरस्कार समारंभात अध्यक्षांनी ती मुलगी आता कुठे असते, असं कौतुकाने विचारलं. बिरवाडीला असते, एवढंच तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर महाडला उतरून तो चालत बिरवाडीला गेला. रंगूबाई शेणी थापत होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही. त्याने ठकूकडे प्यायला पाणी मागितलं. पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको धनी,” रंगूबाई म्हणाली. “ती भांड्याला हात लावत नाय. मला इचारते, ‘त्या दिशी माज्या हातनं पानी सांडलं व्हतं का?’”

मालोजी तिच्यासमोर उकिडवा बसला. “नव्हतं सांडलं, ठकू. एक थेंबही नाही.”

पोरीने मान वर केली. “मंग माज्या बाला का मारला?”

रंगूबाईने तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.  मालोजी उठला आणि नात्याच्या वाटेला लागला.