लिहिलंय तेवढंच

सुट्टी लागली त्या दिवशी शाळेच्या बाई औषधांच्या दुकानात आल्या, खोकल्याची बाटली घेतली आणि जाता जाता दुकानदाराला म्हणाल्या, "गोटीकडून रोज थोडं वाचून घ्या हं. तिला सगळं पाठ आहे, पण वाचता येत नाही. सुट्टीत सवय सुटली तर शाळा उघडल्यावर येरे माझ्या मागल्या."

गोटी म्हणजे त्याची मुलगी. पहिलीतून दुसरीत गेलेली, एका जागी टिकायची नाही, म्हणून गोटी. तिची आई हिवाळ्यात गेली. आजार असा झपाट्याचा होता की औषधं विकणाऱ्याच्या घरातच औषध चाललं नाही. जाण्याआधी इस्पितळाच्या खाटेवरून ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "हिचं वाचन तेवढं सोडू नकोस." त्यामुळे बाईंचं बोलणं त्याच्या काळजात रुतून बसलं.

माणूस तसा सरळ, पण सरळ म्हणजे अगदी फूटपट्टी. आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या. चिठ्ठीत असेल तेच द्यायचं, अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारायचं, मनाचं काही घालायचं नाही. त्या धंद्यात हे योग्यच. मनाचं घातलं तर एखाद्याच्या जिवावर बेतायचं. पण खाली दुकान नि वर घर, तर जिना चढताना दुकान खालीच ठेवून यावं की नाही? ते या गृहस्थाला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने गोटीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पुस्तक तिच्या आवडीचं होतं, छत्री हरवलेल्या अस्वलाचं. आई ते तिला रोज झोपताना वाचून दाखवायची. गोटीने पान उघडलं आणि गाडी सुसाट सोडली.

"अस्वलाला आली शिंक! एवढी मोठी शिंक की छत्री उडाली नि ढगात जाऊन अडकली!"

"कुठे लिहिलंय असं?" बाबाने विचारलं. पानावर लिहिलं होतं, 'अस्वलाची छत्री हरवली.'

"आई असंच वाचायची."

"आई मनाचं घालायची. आपण लिहिलंय तेवढंच वाचायचं."

त्याने गोळ्यांच्या खोक्याची एक पट्टी कापली आणि ओळीखाली धरली. चित्र बघून ठोकून देऊ नये म्हणून चित्रावर आपला पंजा ठेवला. पोर पट्टीच्या काठाने अडखळत चालू लागली. मध्येच बगळ्याचं पान आलं तशी ती खुर्चीवर एका पायावर उभी राहिली, मान लांब केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चिठ्ठी आणलीस का? चिठ्ठी नाही तर छत्री नाही!"

आणि खो खो हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. पण बाबाचं लक्ष पट्टीकडे.

"खाली बस. बघून वाच. 'बगळा म्हणाला, मी छत्री पाहिली नाही.'"

त्या दुपारी ती रडली. म्हणाली, "हे आईचं पुस्तकच नाही. तू दुसरंच आणलंस."

रोज हाच तमाशा. त्यालाही वाईट वाटायचं, नाही असं नाही. ती झोपल्यावर तो पट्टी हातात घेऊन बसायचा आणि पुस्तक ठेवून द्यावं का असा विचार करायचा. मग बायकोचं बोलणं आठवायचं की पुन्हा दुसऱ्या दिवशी पट्टी ओळीखाली.

हळूहळू अक्षरं जुळू लागली. पट्टी सुटली, पंजा उठला. एक दिवस दुकानात बाटलीवरचं तिने मोठ्याने वाचलं, "लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये," आणि बाटली हातात धरूनच विचारलं, "म्हणजे मी का?" बाबाला आभाळ ठेंगणं झालं. येईल त्या गिऱ्हाइकाला त्याने ते ऐकवलं.

सुट्टी संपत आली. एका सकाळी एक म्हातारबाबा झोपेच्या गोळ्या मागायला आले. त्याने नेहमीच्या सवयीने मान पुढे काढली आणि म्हटलं, "चिठ्ठी आणलीत का? चिठ्ठी नाही तर गोळी नाही."

आणि तो थांबला. खाली पाहिलं. काउंटरमागे तो एका पायावर उभा होता. दुसरं पाऊल घोट्यावर टेकवलेलं, वर्षानुवर्षं असायचं तसंच.

बगळा! बायकोने त्याला गोष्टीत घातलं होतं! मायलेकी रोज त्याच्यावर हसत होत्या आणि हा पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, "जरा हळू, बातम्या लागल्यात!" तो काउंटरवर हात टेकून हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या. म्हातारबाबा घाबरून म्हणाले, "राहू द्या हो, चिठ्ठी आणतो मी."

तो दुकान तसंच टाकून जिना चढला. गोटी खिडकीत बसली होती. तो तिच्याशेजारी टेकला.

"अस्वलाचं पुस्तक काढ. आई वाचायची तसं वाच."

गोटीने पुस्तक उघडलं. "अस्वलाची छत्री हरवली. अस्वल ससोबाकडे गेलं." एकही अक्षर अडलं नाही. बगळ्याचं पान आलं. "बगळा म्हणाला, मी छत्री पाहिली नाही."

"हे नाही गं. आईचं सांग. ती काय म्हणायची इथे?"

"हेच."

"बगळा चिठ्ठी मागायचा ना? एका पायावर उभा राहून?"

गोटीने ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. "नाही बाबा. इथे तसं नाही लिहिलेलं."

"आणि सुरुवातीला? शिंक आली, मग? ढगातून छत्री कशी काढली त्याने? पुढे काय व्हायचं?"

त्याचा आवाज चढला तशी ती बावरली. शाळेत न येणारा प्रश्न विचारला की मुलं जशी बघतात तशी छताकडे बघत राहिली. तिने खरोखर खूप प्रयत्न केला; कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही. मग तिने पुस्तक मिटून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तूच सांग ना बाबा," ती म्हणाली. "तू तर तिथेच असायचास."