अठरा दात्यांची खडखड

मित्रांनो, मला हातात घेऊन असे निरखू नका, मला लाज वाटते. मी एक जुने दातेरी चाक आहे. माझे दाते अठरा. त्यांतले काही बोथट, काही तुटके.

माझा जन्म झाला एका बेकरीसाठी. तिथल्या मालकीणबाईंचा उजवा खांदा दुखावलेला. पीठ मळणारे यंत्र हाच त्यांचा आधार. पण ते फार जोरात फिरे, पीठ तापे आणि पाव दगडासारखे होत. वेग कमी करायचा, तर मोटरकडचे धाकटे चाक आणखी लहान हवे. ते काम आले त्यांच्या जावयाकडे; तो टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा.

आता गोम अशी, की धाकटे आणि थोरले चाक ज्यांवर फिरते, ते यंत्राचे दोन्ही दांडे लोखंडी सांगाड्यात पक्के बसवलेले. त्यांच्यामधल्या अंतरात दोन्ही चाकांचे मिळून साठच दाते नीट बसतात. आधी धाकट्याचे वीस होते आणि थोरल्याचे चाळीस. धाकट्याचे दोन कमी केले, तर थोरल्याचे दोन वाढवलेच पाहिजेत. नाहीतर दोघांत फट पडते. जावयाला हे तोंडपाठ होते.

“जावईबापू, थोरलं चाक चांगलं धडधाकट आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला हात लावू नका. धाकटं तेवढं बदला.”

“बरं, आई,” जावई म्हणाला. सासूचा शब्द कसा मोडायचा? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटे नाही.

त्याने एकट्या मलाच घडवले. यंत्रात बसले तेव्हाच मला चूक कळली. थोरल्याला माझे नुसते शेंडे टेकत होते. मी सारखी खडखड करी. बाई मात्र येईल त्याला सांगत, “आमच्या जावयाच्या हातचं काम!” ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका सकाळी कडाडकन आवाज झाला. थोरल्याचे धडधाकट दाते माझ्यापायी मोडले, माझेही गेले. पीठ अर्धवट मळलेले, आणि शेजारच्या शाळेतली मुले पावांची वाट पाहत होती. जावई धावत आला, तेव्हा बाई दुखऱ्या हातानेच पीठ मळत होत्या.

“आई, मला ठाऊक होतं,” तो मान खाली घालून म्हणाला. “दोन्ही चाकं बदलायला हवी होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही नको म्हणालात ना.”

बाईंनी पिठातून हात काढला. तो वर उचलेना. “माझा मान राखलात, जावईबापू. खांदा नाही राखलात.”

जावयाने बाह्या सरसावल्या आणि पीठ आपल्यापुढे ओढले.

पुढे त्याने नवी जोडी केली, अठरा आणि बेचाळीस दात्यांची. ती चालते की नाही, हे फळीवर पडल्या पडल्या मला कळतही नाही, इतकी ती शांत आहे. अठरा दाते तिथेही आहेत. म्हणजे खोट माझ्यात नव्हती; तरी माझी लाज जात नाही. बाईंचा तो हात आता वेणी घालण्यापुरताही वर जात नाही.

मित्रांनो, यंत्राला तेल जरूर घाला. पण मोठ्यांचे काही चुकत असेल, तर आदराने बोला आणि वेळेवर बोला. तेल नंतरही घालता येते.