शिडीवरची दाढी

न्हाव्याचं दुकान बंद पडलं. पण ते आत्ता मनावर घेऊ नका. दुकान उघडं आहे असंच धरून चालू. न्हावीही तसंच धरून दाराशी उभा होता आणि मधोमध ठेवलेल्या शिडीकडे, ती चावेल की काय अशा नजरेनं बघत होता.

विकास कार्यालयानं अभ्यास करून गावाचं बलस्थान शोधून काढलं होतं: शिड्या. ते खरंच होतं. इथल्या शिड्या लांबलांबच्या गावी विकल्या जात, आणि एकही मोडून परत आली नव्हती. मग नियम निघाला, की प्रत्येक धंद्यानं बलस्थानाशी नातं दाखवावं, नाहीतर परवाना रद्द. शिंपी शिडीवरून मापं घेऊ लागला. दातांचा डॉक्टर तिसऱ्या पायरीवर दात उपटायचा. पेशंट पळून जात नाहीत म्हणून खूश होता.

न्हाव्याला मात्र स्टुलावर चढायचीही भीती वाटायची. घरातले बल्ब बायको बदलायची.

"अहो, तपासणीपुरता एका दाढीचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. "खाली बघू नका म्हणजे झालं."

"न बघताही ते तिथंच असतं."

गिऱ्हाईक म्हणून तिचा भाऊ आला होता. शिड्या बनवणारा सुतार. सरसर चढून तो माथ्यावरच्या फळीवर पाय सोडून बसला.

"या भावजी, वर हवा छान आहे. पडलात तर मला धरू नका तेवढं, नवा शर्ट आहे."

कार्यालयातून तपासणीला आलेल्या मॅडम खुर्चीत टेकल्या. न्हावी चढला. पहिल्या पायरीवर तळहात ओले झाले, पुढच्या पायरीवर कानांना दडे बसले. मग भिंती लांब सरकल्या. मेहुण्याच्या खांद्यावरून हात घालून त्यानं वस्तरा गळ्याला लावला, तेव्हा वस्तरा आपला आपणच थरथरत होता.

"भावजी," मेहुणा अगदी हळू म्हणाला. "हात हलतोय तुमचा."

"माहितीये."

"मग काढा ना तो."

"काढायला हात हलवावा लागेल."

मेहुण्यानं आवंढा गिळायचं रद्द केलं. खाली बायकोनं शिडी गच्च धरली, तर तिचीही थरथर शिडीत उतरली. फेस गळ्यावरून ओघळला. पांढरा, मग किंचित गुलाबी.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता गाल."

कुणी हललं नाही. न्हाव्याला वाटलं, आपण श्वास जरी सोडला तरी एक माणूस कमी होईल, आणि तोही सासरचा.

"मॅडम, आम्हाला उतरवा."

"उतरलात की परवाना रद्द. सवलत हवी असेल तर लेखी द्या."

"लिही," न्हावी ओठ न हलवता बायकोला म्हणाला. एका हातानं शिडी धरून तिनं लिहिलं:

"महोदया, सविनय विनंती की, दुकानातील जमीन ही शिडीची सर्वांत खालची पायरी मानण्यात यावी, आणि अर्जदार व त्याचा मेहुणा यांना, आहेत त्या जागेवरूनच, सुखरूप खाली उतरलेले समजण्यात यावे."